शुद्धीवर, ताळ्यावर, भानावर

गेले काही महिने मी फौजदारी कायद्याच्या इतिहासावरील एका इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर करते आहे. त्यात एक शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतो. शब्दाला शब्द ठेवला तर त्याचे मराठी 'क्षमतेची पुनर्स्थापना' असे होईल. अर्थ साधा आहे. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो माणूस मानसिक आजारामुळे खटला समजून घेण्याच्या आणि स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसेल, तर खटला थांबवायचा, त्याच्यावर उपचार करायचे, आणि तो त्या स्थितीत आला की खटला पुढे चालवायचा.

'क्षमतेची पुनर्स्थापना' लिहून मला पुढे जाता आले असते. सरकारी मराठीत ते खपूनही गेले असते. पण माणसाचे मन जागेवर आणण्यासाठी मराठीत आधीपासून तीन वाक्प्रचार आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडावर पाणी मारून आपण त्याला शुद्धीवर आणतो. त्यात त्याच्या भल्याखेरीज दुसरा हेतू नसतो. चढून गेलेल्याला आपण ताळ्यावर आणतो, आणि तिथे सोय आणणाऱ्याची असते. भानावर आणणे या दोहोंपेक्षा निराळे. माणूस समोर असतो, पण आपल्यात नसतो. त्याला नाव घेऊन हाक मारावी लागते आणि त्याने 'ओ' द्यावी लागते. एखाद्या आरोपीला खटल्यासाठी बरे करणारे राज्य यांपैकी नेमके काय करते, या प्रश्नाशी मी अडले. हा प्रश्न शब्दकोशात सुटणारा नव्हता.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. गुन्हा घडला तेव्हा आरोपीचे मन कसे होते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचे उत्तर भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होते. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे हे ज्याला मनोविकलतेमुळे कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. इथला प्रश्न मात्र आजच्या मनाचा आहे. कृत्य शांत डोक्याने केलेले असेल आणि माणूस पुढे तुरुंगात आजारी पडला असेल. त्याने काही केलेलेच नसेल, असेही असेल. तो आज न्यायाधीशासमोर उभा आहे, आणि समोर काय चालले आहे ते त्याला उमगत नाही.

मग खटला थांबवायचा तरी कशासाठी? वकील आहे, साक्षीदार आहेत, कागदपत्रे आहेत. आरोपीला काही कळत नसले तरी सत्य शोधता येईल, असे कोणी म्हणेल. पुष्कळदा ते येईलही.

जुन्या इंग्रजी कायद्यात याचे एक क्रूर पण अर्थपूर्ण उत्तर सापडते. आरोपीने स्वतःच्या तोंडाने 'कबूल' किंवा 'नाकबूल' म्हटल्याशिवाय तिथे खटला सुरूच होत नसे. जो मुकाट उभा राहील त्याच्याबद्दल ज्युरीने आधी ठरवायचे, की हा हट्टाने गप्प आहे की देवाच्या करणीने. हट्टाने गप्प असेल तर त्याला उताणा पाडून छातीवर वजने रचत. त्याखाली माणसे मेली. ही पद्धत १७७२ साली बंद झाली. पुढे १८३६ मध्ये प्रिचर्ड या मूकबधिर आरोपीच्या खटल्यात न्यायाधीशाने ज्युरीपुढे प्रश्न ठेवले: हा हट्टाने गप्प आहे का? याला आरोपाचे उत्तर देता येते का? कामकाज समजून बचाव करण्याइतकी याची समज आहे का? इंग्लंडमधील आजची कसोटी त्या प्रश्नांतून आली.

छातीवर दगड ठेवणे म्हणजे ताळ्यावर आणण्याचा कळस. तरीही त्या आटापिट्याच्या मुळाशी एक गोष्ट मान्य केलेली आहे. न्यायालय एखाद्या माणसाविषयी आपसांत हवे तितके बोलू शकेल, पण त्याच्याशी बोलल्याशिवाय आणि त्याचे ऐकल्याशिवाय त्या बोलण्याला खटला म्हणता येत नाही. भाषांतर करणारीला हे व्याकरणात दिसते. आपल्याकडे फिर्यादीचा पुरावा संपेपर्यंत सगळे तृतीय पुरुषी चालते: 'आरोपीने', 'आरोपीस', 'सदर इसम'. मग फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे, न्यायाधीश स्वतः आरोपीला विचारतो. शपथ नसते. तुमच्याविरुद्ध असे असे आले आहे, तुम्हाला काय म्हणायचे आहे? इथे न्यायालयाच्या तोंडी द्वितीय पुरुष येतो. हा प्रश्न ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याच्यावर चाललेला खटला त्याच्या पाठीमागे चाललेला असतो, तो पिंजऱ्यात उभा असला तरी.

साहित्याला ही गोष्ट ठाऊक आहे. काम्यूच्या कादंबरीत मर्सोचा वकील भाषण करताना अशिलाच्या जागी 'मी' म्हणू लागतो. मर्सो चमकतो, तर शेजारचा शिपाई त्याला सांगतो की सगळे वकील असेच बोलतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात. ती जे बोलते ते आपण ऐकतो, तिचे कोर्ट ऐकत नाही. ही दोन्ही माणसे शहाणी आहेत. कोणताही डॉक्टर त्यांना खटल्याला पात्र ठरवेल. आरोपी पात्र असूनही खटला त्याच्याविना चालू शकतो, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आधी शुद्धीवर आणण्याची बाजू पाहते, कारण राज्य स्वतःबद्दल तेच सांगते. आजारी माणसावर उपचार करणे चांगलेच. त्याचा खटल्यालाही उपयोग झाला तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. भीषण भासांनी छळलेल्या कच्च्या कैद्याला औषध मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्या औषधाने पुढे तारखेला उभे राहता आले म्हणून औषध विटाळत नाही.

अडचण तो 'नको' म्हणतो तेव्हा येते. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे आजार आहे एवढ्यानेच माणूस निर्णयाला असमर्थ ठरत नाही. उपचारांची माहिती समजते का, परिणाम उमगतात का, निर्णय सांगता येतो का, हे बघायचे असते. म्हणजे खटला न समजणाऱ्या माणसाला गोळी घ्यावी की नाही हे ठरवता येत असेल, असे होऊ शकते. अमेरिकेत सेंट लुइसचा चार्ल्स सेल हा दंतवैद्य अशाच पेचात होता. मूळ आरोप खोटी बिले सादर केल्याचा, म्हणजे पैशांचा. औषध द्यायचे ते केवळ खटला चालावा म्हणून, आणि त्याला ते नको होते. २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीला वाव ठेवला, पण चार अटींवर: खटल्यात राज्याचे महत्त्वाचे हित असावे, औषधाने तो खटल्यास समर्थ होण्याची दाट शक्यता असावी, आणि त्याच औषधाच्या परिणामांमुळे बचाव दुबळा होऊ नये, याहून सौम्य मार्ग नसावा, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते योग्य असावे.

यांतली दुसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. गुंगीत, चेहऱ्यावर काही न उमटता बसलेला आरोपी न्यायाधीशाला निगरगट्ट भासू शकतो. औषधाने त्याला शब्द दिले आणि चेहरा काढून घेतला, तर उत्तर देणारा कोण?

फाशीच्या प्रकरणांत हा पेच टोकाला जातो. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात चार्ल्स सिंगलटन या कैद्याला सक्तीच्या औषधांमुळे देहदंड 'कळू' लागला, आणि जानेवारी २००४ मध्ये त्याला देहदंड दिला गेला. आपल्याकडे शत्रुघ्न चौहान प्रकरणात २०१४ साली आणि महाराष्ट्रातून आलेल्या 'आरोपी एक्स' प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशा धरली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार फाशी रद्द करण्याचे कारण मानला. बरा करून फासावर नेण्याची वाट धरली नाही. डॉक्टरसाठी मी एवढीच कसोटी सुचवीन: हा आरोप नसता, तर या माणसाला हाच उपचार याच पद्धतीने दिला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर तो डॉक्टर त्या क्षणी कोर्टाचा नोकर झालेला असतो.

आता ताळ्यावर आणण्याविषयी. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा आरोपींसाठी वर्ग भरतात. न्यायाधीश कोण, सरकारी वकील काय करतो, आपला वकील कोणाच्या बाजूचा, 'कबूल' म्हटल्याने काय होते, हे शिकवतात. लुटुपुटूचे कोर्ट भरवतात, प्रश्नोत्तरे घेतात. हेतू वाईट नाही. पण घोकंपट्टी काय असते हे आपल्याकडच्या शाळेतून गेलेल्या कोणालाही सांगायला नको. 'न्यायाधीश काय करतो?' 'न्याय देतो.' एवढे पाठ करून घेता येते. १९६० साली डस्की खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच नाकारले होते. आरोपी वार-तारीख सांगतो आणि घडलेले थोडेफार आठवते, एवढ्याने भागत नाही. त्याला आपल्या वकिलाशी विचारपूर्वक बोलता आले पाहिजे, आणि कामकाज माहीत असण्याबरोबर ते उमगलेही पाहिजे.

आणि ज्याच्यापाशी परत आणण्यासारखे काही नव्हतेच, त्याचे काय? 'पुनर्स्थापना' या शब्दातील 'पुनर्' थिऑन जॅक्सनपाशी निरर्थक होतो. इंडियानातील हा सत्तावीस वर्षांचा मूकबधिर माणूस. समज शाळेत न गेलेल्या लहान मुलाएवढी. लिहिता-वाचता येत नाही, थोड्याशा खुणा येतात. आरोप दोन स्त्रियांना लुटल्याचा: एकीची चार डॉलर किमतीची पर्स, दुसरीचे पाच डॉलर. असमर्थ ठरवून त्याला समर्थ होईपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा हुकूम झाला. साक्षीत असे आले की त्याला जुजबी संवाद शिकवील अशी सोय राज्यात नाही. त्याचे वकील म्हणाले, ही दोषी न ठरवता दिलेली जन्मठेप आहे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. केवळ खटल्यास असमर्थ म्हणून कोणाला डांबायचे, तर नजीकच्या काळात तो समर्थ होण्याची खरी शक्यता आहे का हे ठरवायला लागेल तेवढाच वाजवी काळ. शक्यता नसेल तर इतर नागरिकांना लागू होणारी दिवाणी प्रक्रिया करा, नाहीतर सोडा.

नऊ डॉलर आणि अमर्याद काळ. अमेरिकेने हा हिशेब निदान मांडला. तिथेही रुग्णालयात खाट मिळेपर्यंत आरोपी तुरुंगात पडून राहतात. २००३ मध्ये ऑरेगॉनच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयाला बजावावे लागले की सात दिवसांच्या आत त्यांना रुग्णालयात न्या.

आपल्याकडे काय झाले? आपण पुष्कळांना शुद्धीवर आणले नाही, ताळ्यावरही आणले नाही. आपण त्यांना विसरलो. आसामच्या मोरीगाव भागातील माचांग लालुंग याला १९५१ साली गंभीर दुखापतीच्या आरोपाखाली पकडले. तो तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता. त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. खटला उभा राहिला नाही, सुटकाही झाली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर तो २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. चौपन्न वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपये भरपाई आणि दरमहा हजार रुपये देण्याचा आदेश दिला. २००७ साली तो वारला.

तो एकटा नव्हता. तेव्हाच्या बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगात वेडे म्हणून दशकानुदशके पडून राहिलेल्या कैद्यांचे प्रकरण १९८२ साली 'वीणा सेठी' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गाजले. लगेच पुढच्या वर्षी रुदुल साहचे प्रकरण आले: १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला माणूस, पुढे चौदा वर्षे आत. राज्याचे म्हणणे, तो वेडा होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालात विचारले की हे वेड ठरवले कोणी आणि कशावरून, आणि मूलभूत हक्क तुडवल्याबद्दल भरपाई देण्याची वाट या देशात रुळवली.

मराठीत 'त्याला येरवड्याला धाडले' म्हटले की तुरुंगात की मनोरुग्णालयात, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखावे लागते. दोन्ही तिथेच आहेत. लालुंगसारख्यांच्या बाबतीत तो सूरही उरत नाही. खटला थांबवणे ही मूळची त्यांच्या रक्षणासाठी केलेली तजवीज. तीच शिक्षा झाली, आणि तिला मुदत नव्हती. थांबण्याला अर्थ येतो तो कोणीतरी उत्तराची वाट पाहत असेल तोवर. वाट पाहणारेच निघून गेले, तर आत राहतो तो नुसता कोंडलेला माणूस.

कायदा तेव्हापासून हलला आहे. १९७३ च्या संहितेतील सुधारणा २००९ च्या अखेरीस लागू झाल्या. बौद्धिक अपंगत्वाचा मानसिक आजाराहून निराळा विचार करायचा, प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर खटला तहकूब ठेवण्याऐवजी आरोपीला मुक्त करायचे, रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल तर जामिनावर सोडायचे, हे त्यांत आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही चौकट बहुतांशी कायम ठेवली. आधीच्या कलम ३२८ च्या शीर्षकात 'वेडा' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होता, तोही गेला. मात्र दुसरी एक तरतूद भाषांतर करणारीला अस्वस्थ करते. जुने कलम ३१८ सांगत होते, आणि आताचे कलम ३५७ सांगते, की आरोपी मनोविकल नाही पण त्याला कामकाज समजावून देता येत नाही, तरी खटला चालवता येतो. दोषी ठरला तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचे. मूकबधिर, कोणतीही शिकवलेली भाषा नसलेला माणूस या कलमात सापडू शकतो. इंडियानात जॅक्सनचा खटला थांबला. इथे तो चालला असता. न समजण्याचे कारण मनात असेल तर आपण थांबतो, जिभेत किंवा कानात असेल तर पुढे जातो. याचे समर्थन मला सापडत नाही.

या सगळ्या व्यवस्थेवर एक मूलगामी आक्षेपही आहे. भारताने २००७ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची समिती म्हणते की कोणाला 'खटल्यास असमर्थ' ठरवणे हाच भेदभाव आहे. त्यामुळे माणूस निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधी गमावतो आणि अडकून पडतो. बौद्धिक अपंगत्व असलेला मूळनिवासी ऑस्ट्रेलियन मार्लन नोबल दहा वर्षांहून अधिक काळ खटल्याविना बंदिवासात होता; २०१६ साली समितीने ऑस्ट्रेलियाला दोष दिला. मी समितीच्या टोकाला जाऊ शकत नाही. काही आजारांच्या भरात कोणतीही मदत पोचत नाही, आणि तेव्हा खटला रेटणे म्हणजे पाठीमागे बोलणेच. पण तिचा क्रम मला पटतो. आरोपीला बदलण्याआधी खटल्यात काय बदलता येते ते पाहावे. प्रश्न छोटे करावेत, मध्ये विश्रांती द्यावी, ज्याच्या खुणा त्यालाच कळतात अशा आरोपीसाठी त्याच्या घरचे, ओळखीचे माणूस दुभाष्याशेजारी बसवावे. 'समजले का?' विचारून 'हो' लिहून घेण्याऐवजी 'काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हणावे.

दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे. ज्याचे माणूस मेले आहे तोही त्या कोर्टात बसलेला असतो. त्याला केवळ शिक्षा नको असते. हे कोणी केले, का केले, याचे उत्तर हवे असते. आरोपीवर उपचार करून खटला चालवण्याच्या बाजूने हे सर्वांत बळकट कारण आहे असे मला वाटते, राज्याच्या हितापेक्षाही बळकट. पण उत्तर मागण्याचा हक्क म्हणजे उत्तर देणाऱ्याला आयुष्यभर कोंडून ठेवण्याचा हक्क नव्हे. आणि औषधाच्या धाकाने किंवा पाठांतराने वदवून घेतलेले वाक्य त्या माणसाच्याही कामाचे नाही.

माझ्या भाषांतरात मी अखेर 'खटल्याचे भान येण्यासाठी उपचार' असे लिहिले आहे. शब्द लांबला, संपादक कदाचित कापतील. पण 'भान' म्हटले की ते एकट्याचे राहत नाही. हाक मारणाऱ्यालाही आपण कोणाला आणि कशासाठी हाक मारतो आहोत याचे भान ठेवावे लागते. प्रत्येक तारखेला न्यायाधीशाने फाइल पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हा माणूस कुठे आहे, त्याच्या उत्तराची आपण अजून वाट पाहतो आहोत का, आणि जो गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याच्या मानाने ही वाट किती लांबली? उत्तरे रोजनाम्यात लिहावीत. लालुंगच्या बाबतीत १९६७ नंतर कोणी एकाने जरी ती लिहिली असती, तरी पुढची अडतीस वर्षे नोंदीविना गेली नसती.